मांजर ट्रेबाहेर शू करायची थांबते आणि पुन्हा सुरू करते, तेव्हा

लक्षण असं असतं. दत्तक आणलेली मांजर शू-शीसाठी ठेवलेला ट्रे व्यवस्थित वापरत असते. आठवडे जातात, कधी महिने. मग एक दिवस गादीवर, पायपुसण्यावर किंवा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर ओलं सापडतं. तुम्ही काहीतरी करता: लिटर (ट्रेमध्ये भरतात ती वाळू किंवा तसलं काही) बदलता, व्हेटकडून औषध आणता, ट्रे दुसऱ्या खोलीत नेता. आठवड्याभरात प्रकार थांबतो. इलाज सापडला असं वाटतं. आणि काही काळाने पुन्हा तेच, बहुतेक वेळा त्याच जागी.

पहिल्यांदाच असं झालं असेल तर सल्ला कुठेही मिळतो. मी लिहितेय ते परत परत येणाऱ्या अडचणीबद्दल, कारण तिची मेख वेगळी आहे. आमची चिंगी मोठी झाल्यावर आमच्याकडे आली. कानाचं टोक कापलेलं होतं, म्हणजे रस्त्यावरून पकडून नसबंदी केली होती एवढं कळत होतं. त्याआधीचं तिचं आयुष्य कसं गेलं ते कुणालाच माहीत नाही. रेस्क्यू मांजर सांभाळणाऱ्या बहुतेकांची हीच स्थिती असते, आणि पुढचं बरंचसं त्यांच्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी, थांबायची सोय नसलेली गोष्ट

मांजर पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसते, जोर लावते, ओरडते, सारखी मागची जागा चाटते आणि शू येत नाही किंवा थेंबभरच येते, असं दिसलं तर पुढचं वाचू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. बोका असेल तर त्याच क्षणी, रात्र असली तरी. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो खड्यांनी किंवा चिकट स्रावाच्या बुचाने बंद झाला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. माणसांना हे बद्धकोष्ठ वाटतं, कारण बसण्याची पद्धत सारखीच दिसते, आणि त्यात मोलाचे तास जातात.

मध्यंतरीच्या वेळात वेदनेवर म्हणून आपल्या घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीच्या यकृताला पचवता येत नाही, एकच गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

लघवीत रक्त दिसलं पण शू होत असेल, तर तितकी आणीबाणी नाही. तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवावं.

आठवड्याभरात थांबलं म्हणजे इलाज लागू पडला असं नाही

वरवर साध्या वाटणाऱ्या या गोष्टीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण अडचण परत येण्यामागे बहुतेक वेळा हीच असते.

दहा वर्षांखालच्या मांजरीला लघवीचा त्रास होतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तपासणीत ठोस काहीच सापडत नाही. खडे नाहीत, जंतू नाहीत, गाठ नाही. मूत्राशयाला मात्र सूज असते. या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफआयसी म्हणतात, म्हणजे कारण न सापडणारा मूत्राशयदाह. याचा एक गुण असा की काहीच केलं नाही तरी बहुतेक मांजरींमध्ये हा झटका साधारण आठवड्याभरात आपोआप ओसरतो. आणि बऱ्याच मांजरींमध्ये वर्षाच्या आत परत येतो.

आता हे आपल्या घरातल्या घटनाक्रमावर ठेवून बघा. झटका येतो. दोन दिवसांनी तुम्ही दवाखान्यात जाता, अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो. आणखी चार-पाच दिवसांनी मांजर बरी होते. श्रेय अँटिबायोटिकला मिळतं. पुढच्या वेळी तेच औषध, पुन्हा तोच निकाल. दरम्यान मूळ कारणाला कुणी हातही लावलेला नसतो. तरुण मांजरींमध्ये जिवाणूंचा मूत्रसंसर्ग क्वचितच असतो, वय वाढलं की त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून दुसऱ्यांदा त्रास झाला की व्हेटना स्पष्ट विचारा: लघवीची तपासणी आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) करता येईल का? पोटावरून सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला नमुना कल्चरसाठी सगळ्यात खात्रीचा. ट्रेमधून गोळा केलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळलेले असतात. ऐकायला भीतिदायक वाटतं, पण ही तपासणी नेहमीची आहे आणि मांजरी ती सहसा शांतपणे करू देतात.

हाच नियम लिटर बदलण्याला आणि ट्रे हलवण्यालाही लागू आहे. झटका ओसरायच्या बेतात असताना जे काही केलं ते रामबाण वाटतं. उपाय खरा की योगायोग, हे पुढच्या काही महिन्यांतच कळतं.

एफआयसीमध्ये ताणाचा मोठा वाटा असतो, हे आता चांगलं प्रस्थापित झालेलं आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पशुवैद्यक टोनी बफिंग्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला प्रत्येक मांजरवाल्याला सांगावासा वाटतो. त्यात २० मांजरी एफआयसी असलेल्या होत्या आणि १२ निरोगी. सगळ्यांची दिनचर्या ठरलेली होती. खाण्याची वेळ चुकली, रोजचा सांभाळणारा माणूस बदलला, असं काही झालं की आजारी मांजरी ट्रेबाहेर घाण करू लागल्या, कमी खाऊ लागल्या, उलट्या करू लागल्या. आणि निरोगी मांजरींनीही अगदी हेच केलं. म्हणजे ट्रेबाहेर शू करणं हे ताणाचं शारीरिक लक्षण आहे, जसं आपलं परीक्षेच्या सकाळी पोट बिघडतं. सूड, राग, हट्ट यांचा इथे काही संबंध नाही. मांजर तुमच्या उशीवर शू करते तेव्हा ती तुम्हाला धडा शिकवत नसते. घाबरलेली मांजर ओळखीच्या वासाच्या जागी जाते, आणि घरात तुमचा वास सगळ्यात गडद तुमच्या बिछान्यात असतो.

म्हणूनच ओरडणं, तिचं नाक डागावर घासणं, पाणी मारणं यातलं काहीही करू नये. ताण हे कारण असेल तर शिक्षा म्हणजे त्या कारणात भरच. शिवाय मांजर त्यातून एवढंच शिकते की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ती कपाटामागे जाते, आणि तुम्हाला जागा सापडायला आठवडे लागतात.

डाग वाचायला शिका

पुसायच्या आधी अर्धा मिनिट थांबून बघा. डाग बरंच काही सांगतो.

थोडी थोडी शू, बऱ्याच ठिकाणी, शिवाय बेसिन, बाथटब, फरशी अशा गुळगुळीत थंड जागी असेल तर मूत्राशय दुखत असण्याची शक्यता जास्त. मांजरीने ट्रेमध्ये बसल्यावर दुखलं, तर ती दुखण्याचा दोष ट्रेला देते आणि दुसरी जागा शोधते.

भलंमोठं तळं असेल आणि ट्रेमधले ओल्या लिटरचे गोळेही नेहमीपेक्षा मोठे होत असतील, पाणी पिणं वाढलं असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइड तपासून घ्यायला हवं. सात-आठ वर्षांपुढच्या मांजरीत हे आधी मनात आणावं. साधारण मांजर दिवसातून दोन ते चार वेळा शू करते. गोळा होणारं लिटर वापरत असाल तर रोज साफ करताना गोळ्यांची संख्या आणि आकार नजरेत बसतो, आणि बदल घडला की तो इतर कुठल्याही लक्षणाआधी तिथे दिसतो. फक्त याच कारणासाठी मी गोळा होणाऱ्या लिटरच्या बाजूने आहे.

नेहमीएवढी शू, नेहमी एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर, ट्रेच्या अगदी शेजारी? मग बहुधा ट्रेबद्दलच तक्रार आहे. यावर पुढे.

भिंतीवर, पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर ओघळ? हा प्रकार शू करण्याचा नाही, स्प्रे करण्याचा आहे. मांजर उभी राहते, शेपटी ताठ करून थरथरवते आणि मागे फवारा मारते. नेहमीची शू ती ट्रेमध्येच करत असते. ही खूण ठोकण्याची भाषा आहे आणि तिचे उपाय वेगळे आहेत. नसबंदी झाली नसेल तर आधी ती करा, बहुतेक बोक्यांचा स्प्रे त्याने थांबतो. तरीही नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे दहा टक्के आणि मादींपैकी सुमारे पाच टक्के स्प्रे करतात. खिडकीबाहेर फिरणारा परका बोका हे नेहमीचं निमित्त. खिडकीच्या खालच्या भागाला धूसर कागद लावून बाहेरचा बोका दिसेनासा करणं, हा माझ्या मते यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे.

जवळ एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पृष्ठभाग, प्रमाण, आणि आधीच्या दोन दिवसांत घरात काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पाहुणे, सुतारकाम, नवं फर्निचर, तुमची बदललेली शिफ्ट, बॅग भरणं, दुसऱ्या मांजरीला दवाखान्यातून परत आणणं. चिंगीच्या वहीत सगळ्या नोंदी माझ्या प्रवासांच्या आसपास येतात हे पानं समोर ठेवल्यावरच दिसलं. आठवणीच्या भरवशावर ते दिसलं नसतं, कारण आपल्याला डाग लक्षात राहतो, आधीचे दोन दिवस नाहीत.

कारण जातं, वास आणि सवय मागे राहतात

समजा मूळ कारण सापडलं आणि दूर झालं. तरीही प्रकार परत येऊ शकतो, कारण तोवर गादीत वास मुरलेला असतो आणि मांजरीच्या अंगी जागेची सवय भिनलेली असते. कारण, वास आणि सवय या तिन्हींकडे एकाच वेळी बघावं लागतं. एकाला सोडलं तर तेच पुढच्या वेळचं निमित्त होतं.

आधी वासाचं. मांजरीच्या लघवीत फेलिनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, नसबंदी न झालेल्या बोक्यांत सगळ्यात जास्त. ते सावकाश फुटतं आणि त्यातून गंधकाची उग्र संयुगं बाहेर पडतात. ताज्या डागापेक्षा दोन दिवसांनंतरचा डाग जास्त घाण वास मारतो तो यामुळे. आपल्याला वास येईनासा झाला तरी मांजरीला तो येत राहतो, आणि तिच्या लेखी त्या वासाचा अर्थ "इथे शू करतात" एवढा सरळ असतो.

ताजा डाग आधी कोरड्या कापडाने दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाइम असलेला क्लीनर. इथे बहुतेक घरांत काम अर्धवट होतं. वरून फवारून पुसून घेतलं तर काही उपयोग नाही. लघवी जितकी खोल गेली तितका द्रव खोल जायला हवा, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहायला हवं, आणि मग आपोआप सुकू द्यायचं. गादीसाठी याचा अर्थ गादी खरोखर भिजवणं. लाकडी जमिनीच्या फटींत शू गेली असेल तर तिथेही द्रव ओतूनच. वाफेचं यंत्र वापरू नका, उष्णतेने डाग आणखी पक्का बसतो. जुने डाग डोळ्यांना दिसत नाहीत. अंधार करून अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च फिरवली की ते चमकतात. पहिल्यांदा ही टॉर्च फिरवणाऱ्याला बहुधा माहीत नसलेल्या जागा सापडतात, आणि "इतकं साफ करूनही परत तिथेच का" याचं उत्तरही तिथेच मिळतं.

अमोनिया असलेले क्लीनर टाळा, त्यांचा वास लघवीशी जुळतो. ब्लीच लघवीवर टाकू नका, दोन्ही मिळून विषारी वायू तयार होतो. फिनाइल आणि फेनॉल असलेली जंतुनाशकं मांजरीच्या घरात नकोतच. मांजरीचं यकृत त्यांचं विष नीट निकामी करू शकत नाही, आणि पंजे चाटताना ती सरळ पोटात जातात.

सवयीला वेळ लागतो. त्या जागेचा अर्थ बदलायचा असतो. वास पूर्ण गेल्यावर तिथे खाण्याची वाटी ठेवा किंवा रोज तिथेच तिच्याशी खेळा. मांजरी जिथे खातात तिथे शक्यतो घाण करत नाहीत. वास असताना वाटी ठेवली तर मात्र मांजर खाणंच टाळेल, म्हणून क्रम महत्त्वाचा. गादीवर काही आठवडे जलरोधक चादर आणि बेडरूमचं दार बंद. धुवायचे कपडे झाकणाच्या टोपलीत. पायपुसणं काही दिवस उचलून ठेवा. यात हार मानण्यासारखं काही नाही. चुकीच्या जागी शू करण्याची संधी जितकी कमी मिळेल तितकी सवय लवकर पुसली जाते.

सवय फारच घट्ट झाली असेल तर मांजरीला काही दिवस एका खोलीत ठेवावं लागतं. तिथे मोठा ट्रे, लपायची जागा, चढायची जागा, खेळणी, पाणी, आणि तुमची भरपूर सोबत. ट्रे नियमित वापरायला लागली की घर एकेक खोलीने मोकळं करत न्यायचं. दार बंद करताना मन खातं हे मला ठाऊक आहे. पण भेदरलेल्या रेस्क्यू मांजरीला बऱ्याचदा छोटी खोलीच मोठ्या घरापेक्षा सुरक्षित वाटते. चिंगी तर खोलीचं दार उघडल्यावरही आतच बसून राहायची.

ट्रेची तक्रार

मांजर जेवढी मोठी, तिच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा. दुकानात मिळणारे बहुतेक ट्रे एवढे मोठे नसतात. सामान ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा एका बाजूने कापून घेतला तर जास्त चांगला ट्रे होतो. कापलेली कड घासून गुळगुळीत करायची.

संख्या: जितक्या मांजरी, त्याहून एक ट्रे जास्त. दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवले तर मांजरीच्या हिशोबात तो एकच ट्रे. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक.

लिटर बारीक आणि बिनवासाचं. सुगंधी लिटर आपल्या नाकासाठी बनवलेलं असतं. रोज किमान एकदा, शक्यतो दोनदा गोळे काढायचे. दर थोड्या दिवसांनी सगळं टाकून ट्रे साध्या साबणाने धुवायचा. झाकणाचा ट्रे आवडतो की नाही हे मांजरीगणिक बदलतं, त्यामुळे दोन्ही ठेवून बघणं एवढाच खरा मार्ग. घरात दुसरी मांजर असेल तर मात्र झाकण काढाच, कारण आत बसलेल्या मांजरीला पळायला दुसरी वाट नसते आणि दुसरी दारात दबा धरून बसते.

इथे रेस्क्यू मांजरीची एक खास गोष्ट. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं असताना माती उकरायला लागतं आणि पायाखाली जे असेल त्याच्याशी "शू करायची जागा" ही कल्पना जोडून घेतं. बाहेर वाढलेल्या मांजरीसाठी ती जागा म्हणजे भुसभुशीत माती किंवा वाळू. मोठ्या खड्यांचं लिटर, सिलिकाचे मणी किंवा कागदाच्या गोळ्या तिच्या पंजाला परक्या वाटतात. मग ती घरातली सगळ्यात मऊ वस्तू शोधते. अशा मांजरीसाठी दोन-तीन ट्रे शेजारी मांडून प्रत्येकात वेगळं लिटर भरा आणि तिलाच निवडू द्या. एका ट्रेमध्ये स्वच्छ बारीक वाळू किंवा खत न घातलेली माती जरूर ठेवा. तिने मातीच निवडली तर तीच चालू द्या आणि मग दर काही दिवसांनी थोडं थोडं लिटर मिसळत न्या. घाई केली आणि एका झटक्यात बदल केला की मांजर पुन्हा गादीवर. लिटरचा ब्रँड अचानक बदलणं हे परत येणाऱ्या अडचणीचं इतकं साधं कारण आहे की ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

जागाही महत्त्वाची. धुलाई यंत्राशेजारी ट्रे असेल आणि मांजर आत असताना यंत्र एकदा जोरात फिरलं, तर एवढी एक घटना पुरते. पकडून पिंजऱ्यात टाकलेल्या मांजरीला अडकण्याची भीती आपल्या कल्पनेपेक्षा जास्त असते. म्हणून ट्रेमधून खोलीचं दार दिसावं, आणि तिथून निघायच्या दोन वाटा असाव्यात.

मांजर म्हातारी असेल तर तिचे सांधे आठवा. २००२ साली बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरींचे एक्स-रे तपासले गेले तेव्हा त्यातल्या नव्वद मांजरींमध्ये सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, तक्रार करत नाही. ती फक्त उंच काठाच्या ट्रेमध्ये उतरणं टाळते. एका बाजूने तीन-चार इंचांपर्यंत कापलेला काठ आणि वेदनेवर व्हेटनी दिलेलं औषध, एवढ्याने वर्षानुवर्षांचा "वाईट स्वभाव" गायब झालेला मी ओळखीच्या घरांत पाहिला आहे.

दिनचर्या, पाणी आणि दुसरी मांजर

ताण कमी करा, असं सांगणं सोपं असतं. प्रत्यक्षात काय करायचं यावर मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१३ साली मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांचा गाभा पाच गोष्टींचा आहे: लपायला सुरक्षित जागा, खाणं-पाणी-ट्रे हे एकमेकांपासून दूर आणि एकापेक्षा जास्त, शिकारीसारखं खेळायची संधी, माणसांचं अंदाज बांधता येईल असं वागणं, आणि तिच्या नाकाचा मान राखणारं घर.

रेस्क्यू मांजरीसाठी यातलं चौथं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. खाण्याची वेळ रोज तीच. खेळाची वेळ तीच. तिला उचलून कुशीत घेण्याऐवजी ती आपणहून येईपर्यंत थांबणं. रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस भेदरलेली, तीन आठवड्यांत दिनचर्या कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. हा नियम म्हणून घेऊ नका. काही मांजरींना वर्ष लागतं, आणि पहिल्या वर्षात अडचण परत येणं हे सांभाळण्यात काही चुकल्याचं लक्षण नाही.

पाहुणे येणार, तुम्ही बाहेर जाणार, घरात काम निघणार, हे आधी माहीत असतं. त्याच्या दोन दिवस आधी एक शांत खोली तयार ठेवा आणि तिचा एक ट्रे तिथे सरकवा. तुम्ही नसताना तिला दुसरीकडे नेण्यापेक्षा ओळखीचा माणूस घरी येऊन ठरल्या वेळी खाऊ घालेल तर बरं. तुमचा न धुतलेला शर्ट तिच्या झोपायच्या जागी ठेवायला विसरू नका. कृत्रिम फेरोमोनचे (मांजरींच्या खुणेच्या गंधासारख्या द्रव्याचे) डिफ्यूझर, म्हणजे ते हवेत सोडणारी उपकरणं, मिळतात, काही घरांत त्यांचा उपयोग दिसतो. पण ट्रे आणि दिनचर्या दुरुस्त न करता नुसता डिफ्यूझर लावून मी कुठे फरक पडलेला पाहिला नाही.

पाण्याकडे दुर्लक्ष होतं. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, ओल्या खाण्यात सत्तर ते ऐंशी. लघवी पातळ राहिली की सुजलेल्या मूत्राशयाला त्रास कमी होतो आणि खडे बनायची शक्यताही घटते. रोजच्या आहारात ओलं खाणं वाढवा, कोरड्यावर कोमट पाणी घाला, पाण्याची भांडी खाण्याच्या वाटीपासून लांब आणि तीन-चार ठिकाणी ठेवा. खडे सापडलेच तर त्यांचा प्रकार विचारा. स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झॅलेटचे विरघळत नाहीत. आहार व्हेटच्या सांगण्यानेच बदला.

घरात दोन मांजरी असतील तर भांडण नाही म्हणजे पटतंय असं समजू नका. एक मांजर वाटेत नुसती बसून राहते, टक लावून बघते, आणि दुसरी मागे फिरते. आवाज नाही, झटापट नाही, पण ट्रेपर्यंतची वाट बंद. कोण शू करतंय हेच कळत नसेल तर स्वस्त कॅमेरा ट्रेकडे तोंड करून लावा. एका रात्रीत उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा ते आपण धरून चाललेल्या मांजरीचं नसतं.

औषधं

एवढं सगळं करूनही झटके येत राहिले तर मनावर परिणाम करणाऱ्या औषधांना नाही म्हणू नका. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही औषधं मांजरींना व्हेटच्या देखरेखीखाली दिली जातात, विशेषतः स्प्रे आणि तीव्र भीतीसाठी. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती अचानक बंद करायची नसतात, डोस हळूहळू कमी करावा लागतो. मांजरीला "गुंगीत ठेवणं" म्हणून लोक मागे हटतात. सतत भीतीत जगणाऱ्या जिवाला त्या भीतीतून बाहेर काढणं मला तरी काळजीचाच भाग वाटतो. माणसाच्या चिठ्ठीवरची हीच औषधं अंदाजाने देऊ नयेत हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी डाग दिसला की

आधी मांजर बघा, मग डाग. ट्रेमध्ये शू होतेय का? जोर लावतेय का? खातेय का? यातलं एकही उत्तर चुकीचं आलं तर फोन व्हेटला, बाकी नंतर.

उत्तरं ठीक असतील तर त्याच संध्याकाळी एन्झाइमने जागा भिजवा, बेडरूमचं दार बंद करा, जास्तीचा एक ट्रे डागाच्या जागेजवळ ठेवा आणि वहीत आधीच्या दोन दिवसांसह नोंद करा. त्या आठवड्यात दुसरं काहीही बदलू नका: लिटर नाही, खाणं नाही, ट्रेच्या जुन्या जागा नाहीत. एका वेळी एकच बदल केला तरच कशाने फरक पडला ते कळेल. जवळ ठेवलेला तो जास्तीचा ट्रे ती वापरू लागली तर किमान दोन-तीन आठवडे तिथेच राहू द्या, घराच्या मधोमध असला तरी. मग रोज हातभर सरकवत हव्या त्या कोपऱ्यात न्या. सरकवताना ती एकदा जरी चुकली, तर आदल्या दिवशीच्या जागी परत ठेवा आणि पुढच्या वेळी वीतभरच सरकवा.